उंच बाईंचे सतरा शब्द

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावरील पाहुणे, पालकहो, माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणींनो, आणि पहिल्या रांगेत बसलेली, जिच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ती माझी मैत्रीण,

एकतीस वर्षांपूर्वीचा एक शनिवार मला आठवतो. शाळा सुटली होती. आम्ही दोघी वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून मुलांच्या पेन्सिलींना टोकं काढत होतो. मांडीत सालपटांचा ढीग. ती चांगली ताडमाड, मी पाच फुटांना जरा कमी. मुलांनी आमची नावं कधीच पाडली होती, उंच बाई आणि बुटक्या बाई. मी तिला म्हटलं, "काय गं, तुझ्या वर्गात शाळा सुरू तरी कधी होते? मधली सुट्टी झाली तरी पोरं कपाटापाशीच!"

पेन्सिलीवर फुंकर मारून ती म्हणाली, "तीच शाळा."

ज्यांना तिचं कपाट ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगते. तिच्या वर्गात सकाळी काहीही मांडलेलं नसायचं. पाटी, खडू, चेंडू, रंग, सगळं कपाटात बंद. ज्याला जे हवं, ते त्यानं तोंडानं मागायचं. मागितलं की वस्तू मिळे, आणि त्या वस्तूचं नाव लिहिलेलं एक कार्डही मिळे. दुसऱ्या दिवशी ते कार्ड चाळीस कार्डांतून शोधून आणायचं. आधी बोलणं, मग वाचणं. मूल अडखळलं तर ती शब्द पुरवत नसे. नुसती थांबे. मी नन्सच्या शाळेत वाढलेली. आमच्याकडे सिस्टरचा प्रश्न संपायच्या आत उत्तर यावं लागे. मला ते थांबणं बघवत नसे.

एक मुलगी दीड महिना काही बोललीच नाही. रोज बाईंच्या मांडीवर बसायची, गोष्टी ऐकायची, हात रिकामे. तिची आई माझ्याकडे रडली, "सगळ्यांना पाटी मिळते, माझ्या पोरीनं काय घोडं मारलंय?" मला राहवलं नाही. मी गुपचूप त्या मुलीला पाटी दिली. उंच बाई माझ्यावर तेव्हा एकदाच चिडली. म्हणाली, "तिच्या ओठांवर आलेलं तू परत आत ढकललंस." पुढच्याच आठवड्यात ती मुलगी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाली, "शिडी." बाईंनी शिपायाकडून खरोखरची शिडी आणवली आणि दिवसभर वर्गात ठेवली! ती मुलगी आज इलेक्ट्रिशियन आहे. हा माईक तिनंच जोडलाय. चक्क चालतोय, हे विशेष.

आता जड भाग सांगते. अध्यक्ष महोदय, थोडा वेळ जास्त घेतला तर सांभाळून घ्या.

निवृत्तीला सात महिने असताना तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला. आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. शब्द मात्र हाताशी येत नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकरांना बोलतं केलं, तिच्यावरच ही वेळ का यावी? कुणाला विचारायचं?

मी रोज चार वाजता तिच्याकडे जाऊ लागले. आणि पहिल्याच आठवड्यात शिक्षिकेनंच करावी अशी चूक केली. ती कष्टानं "पाणी" म्हणाली, आणि मी, सवयीनं हो, पर्समधली कागदी चांदणी काढून तिच्या मनगटावर चिकटवली. शाब्बास म्हणाले. तिनं त्या चांदणीकडे बराच वेळ पाहिलं. डाव्या हाताला सहज जमेना, तरी तिनं ती कोरून कोरून काढली. मग आठ दिवस तोंड उघडलं नाही.

नवव्या दिवशी मी तिचा चष्मा, पेला, कंगवा, सगळं तिच्या कपाटात ठेवलं, दार लावलं आणि समोर गप्प बसले. पाऊण तास. माझे हात शिवशिवत होते. शेवटी ती म्हणाली, "उघड."

पाच महिन्यांत असे सतरा शब्द झाले. प्रत्येकाचं कार्ड मी केलं. त्यातली अकरा ती वाचते.

उद्या तिचा मुलगा तिला आपल्या गावी नेतोय. गुणी मुलगा आहे, इथेच बसलाय. परवा मला म्हणाला, "मावशी, काळजी करू नका. आईला काय हवं ते आम्ही तिनं मागायच्या आधीच देऊ. तिला बोलायची गरजच पडणार नाही."

किती प्रेमानं म्हणाला तो! आणि मला मी गुपचूप दिलेली ती पाटी आठवली.

सतरावा शब्द तिनं त्याच संध्याकाळी उच्चारला, उघडी बॅग बघून. "नको." ते कार्ड मी कुणाला दाखवलं नव्हतं. आज दुपारी तिला विचारलं, सांगू का सगळ्यांना? तिनं होकाराची मान डोलावली. बाळा, तू तिला नेऊ नयेस असं मी म्हणत नाही. मला आता तिचे दोन जिने चढवेनासे झालेत आणि तिला तुझ्याशिवाय कोण आहे? फक्त, तो शब्द तिनं कमावलेला आहे, एवढं ध्यानात असू दे.

तिच्या वस्तूंची वाटणी तिनं बोट दाखवून केली आहे, मी नुसती वाचते. वर्गातलं कपाट, किल्लीसकट, नव्या बाईंना. त्यांनी सकाळी ते बंदच ठेवावं. गोष्टींची पुस्तकं वाचनालयाला. मुलांची जुनी कार्डं मागच्या टेबलावर आहेत. ज्यानं त्यानं आपलं शोधून न्यावं, कुणी शोधून देऊ नये. तिची छत्री मला. छत्री माझ्या खांद्यापर्यंत येते, त्यावर ती हसली.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, संस्थेनं हा समारंभ केला, त्याबद्दल मनापासून आभार. कुणाचा उल्लेख राहिला असेल, रडण्याच्या भरात काही वेडंवाकडं बोलले असेन, तर म्हातारीला क्षमा करा.

आणि एक राहिलं. हा डबा मुलाला. यात सतरा कार्डं आहेत आणि शंभर कोरी. बाळा, तिनं मागितल्याशिवाय काही देऊ नकोस. ती अडली तर शब्द पुरवू नकोस. समोर बस. जेवण गार झालं तरी चालेल.