शिलाई मशीनचं तेल

"यंत्र कधी रुसत नाही, माणूसच त्याला रुसवतो!" दुरुस्तीवाल्याने भर नेमबाजी स्पर्धेत जाहीर केलं आणि कपाळावरचा चष्मा टेबलाखाली शोधू लागला. चष्मा कपाळावरच आहे हे त्याला सांगावं की नाही, हे रांगेतल्या मागच्या बाईंचं ठरेपर्यंत पुढच्या आजोबांनी पिस्तूल टेबलावर ठेवलंही.

"ट्रिगर ओढला की परत पुढे येत नाही हो. आणि माझा नंबर आता लागेल."

"आत तेलाचा गोंद झालाय. कसलं घातलं होतं?"

"शिलाई मशीनचं. प्रत्येक स्पर्धेआधी आमची ही घालायची."

"त्याही खेळायच्या?"

"छे! म्हणायची, कागदाला भोकं पाडायला एवढा थाट कशाला? आणि बोलता बोलता चार थेंब जास्तच सोडायची."

"मग आता त्यांना सांगा, नका घालू म्हणून."

"ती गेल्यापासून हे कपाटातच होतं. आज पहिल्यांदा काढलं."

"सगळं पुसावं लागेल, आजोबा. नाहीतर आज खेळता येणार नाही."

आजोबांनी पिस्तूल उचलून एकदा हुंगलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"पुसू?"

"पुसा. भोकं न पाडता घरी गेलो, तर फोटोतून हसेल."

"हं, घ्या. आता कसा मऊ चालतोय बघा."

"झकास! आता तुमच्याकडे मशीनचं तेल असेल, तर... ट्रिगरला नको हो, या लाकडी मुठीला थेंबभर चोळा. वास तेवढा येऊ दे."