पाऊण तासाचे सव्वा लाख

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय महालिंगप्पा अण्णा, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, बत्तीस वर्षं आपल्या उमरग्याच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल राहून आज निवृत्त होणाऱ्या उमादेवी मॅडम, आणि दुकानं लवकर बंद करून, घरची कामं आवरून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मी तुरीचा व्यापारी. बोलण्याचाही भाव असतो, हे मला मागच्या वर्षी कळलं. तेवढंच सांगतो आणि बसतो.

वाचनालयाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा व्याख्यानाला माजी मंत्री कृष्णराजसाहेबांनाच बोलवायचं, असा हट्ट मी धरला. मॅडम म्हणाल्या, त्या पैशात मुलांच्या खोलीचं छत होईल. मी ऐकलं नाही. साहेबांच्या मॅनेजरचं करारपत्र आलं. पाऊण तासाचे सव्वा लाख, शिवाय एसी गाडी. अण्णा, याच साहेबांना ऐकायला निवडणुकीत आपल्याला जीप पाठवून नेत होते की नाही? वर जेवण असायचं. पडल्यावर भाव चढलेला माल मी आडत बाजारात तरी कधी पाहिला नाही.

मॅडमनी वाद घातला नाही. करारपत्राच्या खाली आपल्या अक्षरात एक ओळ लिहिली, की भाषणानंतर व्याख्याते अर्धा तास श्रोत्यांचं ऐकतील. मॅनेजरनं न वाचता सही केली.

साहेब आले. यश कसं मिळवावं, यावर पाऊण तास बोलले. छान बोलले. घड्याळ बघून उठले, तर मॅडम कागद घेऊन पुढं उभ्या. साहेबांनी तो दोनदा वाचला, मॅनेजरकडं पाहिलं आणि खाली बसले. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मॅडमनी माईक श्रोत्यांकडं वळवला. मग मागून हरणाबाई आल्या. त्या बाजारात भाजी विकतात, आणि दुपारी मॅडमकडून पेपर वाचून घ्यायला वाचनालयात येतात. माईकपाशी येऊन म्हणाल्या, “साहेब, पंधरा वर्षांमागं आमच्या फाट्यावर तुम्ही एसटीसाठी शेड बांधून देतो म्हणला होता. तवा फुकट बोलला, म्या खरं धरलं. आज पैसं घिऊन बोलला, तर आज तरी खरं सांगा. व्हणार का न्हाय?”

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच ठेवला.

“नाही होणार, बाई,” ते म्हणाले. “तेव्हाही मंजुरी नव्हती. मी आपलं बोलून गेलो.”

हरणाबाईंनी हात जोडले. “लई उपकार झालं,” म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

त्यानंतर अकरा जण बोलले. अर्ध्या तासाचे दोन तास झाले, पण साहेब उठले नाहीत.

साहेबांनी पाकीट परत केलं का, असं लोक मला अजून दुकानात येऊन विचारतात. नाही केलं. नेलं. छताचं काम वर्षभर लांबलं. तो दोष माझा, आणि त्याबद्दल मी मॅडमची आज सगळ्यांसमोर माफी मागतो.

पण त्याच आठवड्यात हरणाबाईंनी फाट्यावरच्या बायका गोळा केल्या. आता वाट बघण्यात अर्थ नव्हता. बायकांनी वर्गणी काढली, चार खांब रोवले, वर पत्रे टाकले. परवा मी तिकडून येत होतो आणि गाडी पंक्चर झाली. ऊन मरणाचं. शेडखाली सात-आठ जणी एसटीसाठी बसल्या होत्या. हरणाबाईंनी सरकून मला सावलीत जागा दिली. तिथं बसल्यावर मला कळलं, मॅडमनी ती एक ओळ कशासाठी लिहिली होती.

मॅडम, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, तुमचाही ऋणी आहे. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द इकडचा तिकडं झाला असेल, तर पदरात घ्या. आणि मॅडम, वाचनालयाची दोन पुस्तकं माझ्या घरी आहेत. नवीन ग्रंथपाल रुजू व्हायच्या आत आणून देतो.