तुमचा खासदार कोण?

आम्ही मूळचे आगळगावचे, सांगलीकडचं गाव ते. मी कॉलेजात असतानाच वडील गेले, आई झेडपीच्या शाळेत बाई, तिनं एकटीनं मला वकील केलं, मग लग्न होऊन मी नवऱ्यामागे टेक्सासला, अर्विंगला आले, आणि इथे कळलं की तिकडची सनद इथे चालत नाही. पुन्हा कॉलेज, पुन्हा परीक्षा, वर्गात सगळ्यांत थोरली मीच. पास झाले आणि देसी ग्रोसरीशेजारच्या गाळ्यात ऑफिस टाकलं, ग्रीन कार्ड, सिटिझनशिप, असली कामं. आडनाव मात्र आगळगावकरच ठेवलं, सासूबाई थोड्या फुगल्या होत्या, असो.

आई रिटायर झाल्यावर तिला इकडे आणलं, पण घरात तिचा जीव रमेना, मग ऑफिसात येऊन बसायला लागली. सिटिझनशिपच्या मुलाखतीत देशाबद्दल प्रश्न विचारतात ना, ते ती लोकांकडून पाठ करून घ्यायची, तेही हातात पट्टी घेऊन. मेक्सिकोच्या आजी, व्हिएतनामचे काका, आपल्या नागपूरच्या काकू, सगळ्यांना एकच पट्टी. तुमचा खासदार कोण, हा त्यातलाच एक प्रश्न.

आणि काय सांगू तुम्हाला, एवढ्यांना शिकवलं पण स्वतः फॉर्म भरेना. शपथेत जुन्या देशावरची निष्ठा सोडली असं म्हणावं लागतं. मी म्हणायची, अगं, फॉर्मॅलिटी असते ती. ती म्हणायची, तोंडानं सोडलं म्हणायचं आणि पोटात ठेवायचं, हे मी पोरांना कधी शिकवलं नाही, मी कशी करू. मला तिचा रागही यायचा आणि अभिमानही वाटायचा, दोन्ही.

पुढे एकेका माणसासाठी कोर्टात भांडून मी थकले, म्हटलं, कायदाच बदलायला जाऊ, म्हणून खासदारकीच्या इलेक्शनला उभी राहिले. पहिल्यांदा पडले, तेही थोडक्यात. प्रचाराच्या पोरांना थालीपिठं वाढता वाढता आई एवढंच म्हणाली, मी सिटिझन नाही, माझंसुद्धा मत नव्हतं तुला.

त्यानंतर तिनं ऑफिसातल्या रोझाकडून गुपचूप फॉर्म भरून घेतला. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, आई, माझ्यासाठी नको करूस. तर म्हणाली, तुझ्यासाठीच करतेय, खोटं कशाला बोलू, पण म्हणेन ते मनापासून म्हणेन. मुलाखतीत तिला नेमकं खासदाराचंच नाव विचारलं, म्हणजे मला पाडलेल्या माणसाचं. तिनं ते सांगितलं, वर म्हणाली, सध्या तरी हेच. ऑफिसर हसला म्हणे.

शपथेच्या दिवशी मी मागे बसले होते. निष्ठा सोडल्याचं ते वाक्य आलं आणि आईचा आवाज थांबला. हॉलभर माणसं पुढे म्हणत गेली, मला नुसती तिची पाठ दिसत होती. सगळ्यांची शपथ संपली, आणि मग तिनं एकटीनं ते वाक्य पूर्ण म्हटलं, मला मागे ऐकू आलं. पुढे तिचा जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का घेऊन परत आला. तिनं तो देवाशेजारी ठेवला आणि दोन दिवस ऑफिसला आली नाही.

दुसऱ्यांदा उभी राहिले तेव्हा मी निवडून आले. आता अर्धा आठवडा वॉशिंग्टनला असते, ऑफिस माझी पार्टनर बघते, आई मात्र आहे तिथेच. परवा सहज डोकावले तर तिच्यासमोर एल साल्वादोरचे एक काका बसलेले. तुमचा खासदार कोण, तिनं विचारलं. ते म्हणाले, अगलगांकर. आईनं पट्टी आपटली, नाही, पुन्हा. बिचाऱ्यांना तो ळ काही येईना. मी दारातून म्हटलं, आई, ऑफिसर एवढं बघत नाहीत गं, जाऊ दे. माझ्याकडे न बघता म्हणाली, ते बघत नसतील, मी बघते. चौथ्यांदा काकांना जमलं, अगदी नाही पण जमलं. आईनं क्षणभर डोळे मिटले, मग म्हणाली, गुड.

मी गाडीत जाऊन रडले हो. गावातलं घर विकलं, पासपोर्ट गेला, आणि इथे टेक्सासात कुठकुठली माणसं तिच्या गावाचं नाव पाठ करतायत. दर दोन वर्षांनी इलेक्शन असतं, मी आज आहे, उद्या नसेन. देवानं तिच्या हातात पट्टी राहू द्यावी, बाकी माझं काही मागणं नाही.