माझी कमाई, ह्यांची सही

चहा घ्या तुम्ही, पण त्या बाकाची आठवण निघाली की माझं डोकं अजून तापतं. बाहत्तर साल असेल. नगरला आमचा छापखाना होता, नवरा-बायकोची निम्मी भागीदारी. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे मी, गिऱ्हाईक सांभाळायचं मी. हे लग्नपत्रिकांच्या ऑर्डरी आणायला पार राहात्यापर्यंत फिरायचे. आयकराचे फॉर्मसुद्धा मीच भरले, दोघांचे वेगवेगळे.

तर आयकर कचेरीतून दोघांना बोलावणं आलं. तिथले साहेब म्हणाले, "भागीदारी नवऱ्याबरोबर आहे ना? मग कायद्यानं बाईंचा हिस्सा नवऱ्याच्या उत्पन्नात धरायचा. दुरुस्ती करून एकच फॉर्म द्या. सही ह्यांची."

"आणि माझी?"

"तुमची लागत नाही. तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल."

बसले जाऊन बाहेरच्या बाकावर. पाच मिनिटांत हे दारात! "अगं, साहेब विचारतायत, मशीन कधी घेतलं? आणि कागद कुणाकडून घेतो आपण?"

मागून साहेब ओरडले, "बाई, तुम्हीच आत या बरं!"

मी जागची हलले नाही. म्हटलं, "साहेब, माझी कमाई ह्यांच्यात धरलीत ना? मग माझी अक्कलही ह्यांच्यातच धरा, आणि विचारा काय ते ह्यांनाच!"