कमानीवरील मोकळ्या जागेबाबत

श्रीगुरूंची कृपा असो. ज्याला आकार नाही त्या शंभूला वंदन करून, जे पाहिले आणि जे स्वतः केले, तेवढेच सांगतो.

मी, बसप्पा महालिंगप्पा शेटे, वय ७८ वर्षे, व्यवसाय किराणा व्यापार (सध्या मुलाकडे), विश्वस्त, श्री बिल्वेश्वर देवस्थान, रा. धारूर, जि. बीड, समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

माझी नात वर्षाराणी ही बाजारपेठेत संगणकावर बोधचिन्हे तयार करून देण्याचा व्यवसाय करते. देवस्थानाचे जुने चिन्ह फोटोवरून मोठे केले की कडा फुटत व चौकोन दिसत. म्हणून समितीच्या ठरावाने तिने ते व्हेक्टर पद्धतीने, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी बांधून, नव्याने केले. ते पावतीवर नखाएवढे छापावे किंवा कमानीवर पुरुषभर, त्याची कड तशीच राहते.

त्या चिन्हात बेलपानांची प्रभावळ आणि खाली शाळुंका आहे. लिंगाच्या जागी काही काढलेले नाही. भोवतालच्या पानांमुळेच त्या मोकळ्या जागेला लिंगाचा आकार येतो. तसे करण्यास मीच सांगितले होते. जत्रा सरल्यावर लोक फ्लेक्स गोठ्यात अंथरतात, त्यावर जनावरे मुततात. जे छापलेच नाही ते तुडवले जात नाही. वर्षाराणी म्हणाली होती, "अप्पा, लोकांना दिसंल का ते?" मी म्हणालो, "डोळे मिटून बसणाऱ्याला दिसतंय, मग उघड्या डोळ्यांना कावून न्हाई?"

यंदा महाशिवरात्रीची कमान आमच्या भागातील पुढारी विजयसिंह ऊर्फ दादा यांनी देऊ केली. दात्याचे नाव तळाशी लहान अक्षरांत असावे, एवढेच ठरले होते. छपाई करणारे रामेश्वर यांना वर्षाराणीने फाइल दिली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. पडद्यावर मधली जागा रिकामी होती.

महाशिवरात्रीच्या सकाळी मी देवळाच्या पायऱ्यांशी आलो असता, त्या जागेत विजयसिंह यांचा चेहरा, चष्म्यासह, छापलेला दिसला. भोवती बेलपाने व खाली शाळुंका तशीच होती. छपाई उत्तम होती. बायनाबाई नावाच्या वृद्धेने कमानीखाली बेल वाहिला व हात जोडले. त्यांची दृष्टी अधू आहे.

रामेश्वर तेथेच दोऱ्या बांधत होते. त्यांना विचारले असता ते म्हणाले, "अप्पा, जागा मोकळी दिसली. मला वाटलं, दादांच्या फोटोसाठीच सोडली."

"मग विचारायचं न्हाई का?"

"कुणाला विचारू? मोकळी जागा म्हंजे फोटोचीच असती की. आजपर्यंत कुणी न्हाई म्हणलंच न्हाई."

तेवढ्यात विजयसिंह यांचे पुतणे अमरसिंह आले व म्हणाले, "लई तापू नका, अप्पा. पायऱ्यांपर्यंतचा रस्ता दादांनी केला, का तुमच्या देवानं?"

मी म्हणालो, "रस्ता केला असेल. त्यांनी शाळुंकेवरून खाली उतरावे."

"उतरवून दाखवा. या वयात हाडं जुळत नसतेत." मग ते रामेश्वर यांना म्हणाले, "शिडी उचल बे. टाक टेम्पोत."

शिडी नेण्यात आली. कमान नगारखान्याला लागून उभी होती व चेहरा सज्ज्यातून हाताशी येत होता. मी विळा घेऊन एकटा जिन्याने सज्ज्यात गेलो आणि तेवढाच भाग कापून काढला. कड स्वच्छ असल्याने विळा चुकला नाही व एकही पान तुटले नाही. तो कापलेला चेहरा मी जमिनीवर टाकला नाही. घडी घालून अमरसिंह यांच्या हातात दिला. आता त्या जागेतून आकाश दिसते.

अमरसिंह यांच्या तक्रारीत असे आहे की, दादांची बदनामी व्हावी म्हणून वर्षाराणीने फोटो घातलेलीच फाइल दिली व नंतर मला तो कापण्यास चिथावले. हे धादांत खोटे आहे. भाविक चिडले असे पाहून दादांनी आपल्या चेहऱ्याचे ओझे एका मुलीच्या डोक्यावर ठेवले आहे. या बोभाट्यामुळे दोन देवस्थानांनी तिच्याकडून काम काढून घेतले. रामेश्वर आता आठवत नाही म्हणतात. त्यांना येथे बोलावून, माझ्यासमोर बसवून विचारावे. तिने दिलेली मूळ फाइल उघडून पाहावी.

मी कापत होतो तेव्हा वर्षाराणी तिच्या दुकानात होती. कापण्याचा अपराध असल्यास तो माझ्या एकट्याच्या नावे लिहावा. खेद वाटतो काय, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही.

हा मजकूर हवालदारांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखविला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम व खरा आहे. एकही शब्द मागे घ्यावयाचा नाही, म्हणून खाली सही करतो. हा जबाब जे जे वाचतील त्या सर्वांचे महादेव कल्याण करो. विजयसिंह यांनी वाचल्यास त्यांचेही.