थर्मासातली फोडणी

उत्तरा: थर्मास सरळ धरा ना. अंगापासून इतका दूर काहून धरून राहिले?

जितेंद्र: दूर नाही धरणार तर काय करणार? तू उकळतं तेल ओतून राहिली त्याच्यात. थर्मास चहासाठी असतो, उत्तरा.

उत्तरा: आजपासून फोडणीसाठी. जरा वाकडा करा. मोहरी सारी तोंडाशीच अडकून राहिली.

जितेंद्र: म्हणजे ह्याच्यात आता जन्मात चहा पिता येणार नाही.

उत्तरा: नवीन घेऊ. सीताबर्डीत ढिगानं मिळतात. हिंग जास्त तर नाही झाला? वास घ्या बरं.

जितेंद्र: वास घ्यायची गरज नाही, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मला एकदा नीट समजू दे. रुख्मिणीवहिनींचे मारोतराव जाऊन आठवडा झाला नाही. घरात सुतक आहे. तेरवीपर्यंत त्यांच्याकडे फोडणी चालत नाही, तळण चालत नाही. त्यांची बहीण, गोपिकाआक्का, गावाहून येऊन दारातच खुर्ची टाकून बसली आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाचा डबा उघडून पाहते. बरोबर?

उत्तरा: एकदम बरोबर.

जितेंद्र: आणि तू तिच्या नाकासमोरून फोडणी नेणार.

उत्तरा: मी नाही, तुम्ही. मी तर भाताचं पातेलं धरीन. दोन हात लागतात त्याले.

जितेंद्र: उत्तरा, मी सदतीस वर्षं नोकरी केली, एक पेन घरी आणला नाही.

उत्तरा: म्हणूनच तुमच्यावर कोणी शक घेणार नाही. ऐका, मस्करी सोडा. सकाळी रुख्मिणीच्या मिनलचा फोन आला. म्हणाली, काकू, आई जेवतच नाही. चार शितं चिवडते अन् ताट सरकवते. काल मोरीतून येताना भिंत धरून खालीच बसली. शुगरवाली बाई आहे हो ती. त्याच्याआधी मारोतरावांचा दवाखाना, रामदासपेठेत बाकावर बसून नुसती बिस्किटं खाल्ली तिनं. आता घरी आली तर काय, फिकं वरण, फिकी खिचडी, उकडलेली लौकी. आपल्या सक्करदऱ्यातल्या बायाईनं मिळून तिले लौकीनंच मारायचं ठरवलं काय, मले तर समजत नाही.

जितेंद्र: लोकं प्रेमानंच आणतात ना पण.

उत्तरा: प्रेमानंच आणतात. मीबी परवा लौकीच नेली होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, मी घरी येऊन रडली. रुख्मिणी माझी आजची मैत्रीण आहे का? पडद्याच्या कापडावरून भांडलो होतो आम्ही दुकानात. एकाच थानावर दोघींचा हात. अर्धा तास भांडलो अन् मग तिनंच मले घरी नेऊन गोळाभात खाऊ घातला. तिचा जीव आहे गोळाभातावर.

जितेंद्र: मग तसाच ने ना, बिनफोडणीचा.

उत्तरा: डाळीच्या भरड्याचा गोळा, तोही भातात वाफवलेला, अन् वरून तेल नाही? घशातच अडकते तो. त्याले खाली उतरवायले फोडणीच लागते. चला आता. आक्कानं विचारलं थर्मासात काय आहे, तर काय सांगाल?

जितेंद्र: चहा.

उत्तरा: नुसतं चहा. पुढे कारण द्यायचं नाही. खोटं बोलताना कारण द्यायची लय वाईट सवय आहे तुमाले.

(मारोतरावांच्या घराचं दार. संध्याकाळ. दारात खुर्ची, खुर्चीवर गोपिकाआक्का.)

आक्का: या. चपला भाईरच काढा. पातेल्यात काय आणलं वं, उत्तरा?

उत्तरा: गोळाभात आहे, आक्का. साधा, बिनफोडणीचा. झाकण काढून पाहा ना.

आक्का: पायतेच. हं. कोरडाच दिसते. गोळे असे काहून वं? एक लिंबाएवढा, एक कांद्याएवढा.

उत्तरा: ह्यांनी वळले.

आक्का: माणसानं वळले? मंग ठीक आहे. तुह्या हातात काय आहे गा, जितेंद्र?

जितेंद्र: चहा.

आक्का: बरं.

जितेंद्र: म्हणजे चहाच आहे. रस्त्यात प्यावासा वाटला तर असावा, म्हणून.

आक्का: तुमचं घर मांगच्या गल्लीत आहे ना गा?

जितेंद्र: हो.

आक्का: मंग रस्ता किती आहे त्याच्यात?

उत्तरा: आक्का, भात थंड होऊन राहिला. आत नेऊ का मी?

आक्का: थांब वं. चहा आहे तर मलेबी दे अर्धा कप. आज सकाळपासून चहाचा घोट नाही घेतला मी.

जितेंद्र: हा बिनसाखरेचा आहे.

आक्का: मी बिनसाखरेचाच घेते.

जितेंद्र: दूधही नाही त्याच्यात.

आक्का: चालते.

जितेंद्र: तसं पाहिलं तर पत्तीही फार नाही. उत्तरा, बोल ना काहीतरी.

उत्तरा: चहा नाही, आक्का, काढा आहे तो. ह्यांना खोकला झाला. घरातून निघताना ह्यांच्या ध्यानातच नाही राहिलं.

जितेंद्र: खो. खो खो.

आक्का: असा खोकला मी पयल्यांदाच आयकून राहिली. कशाचा काढा आहे?

उत्तरा: आल्याचा. तुळशीचा.

जितेंद्र: मोहरीचा.

उत्तरा: अहो.

जितेंद्र: हिंगही आहे. आणि लाल मिरची. आक्का, माझ्याच्यानं होत नाही हे. त्याच्यात फोडणी आहे.

आक्का: काय आहे?

जितेंद्र: फोडणी. तेलाची.

आक्का: थर्मासात?

उत्तरा: माझी अक्कल आहे, आक्का. ह्यांना काही बोलू नका, ते तर गरीब गाय आहेत. मले बोला. पण बोलायच्या आधी आत जाऊन रुख्मिणीचं तोंड पाहून या. डोळे पार खोल गेले तिचे. तुमचे नियम पाळता पाळता ती अंथरुणाले लागली, तर त्या नियमाईचं काय करायचं मंग आपण?

आक्का: हळू बोल. आत पडली आहे थे.

उत्तरा: हळूच बोलून राहिली मी.

आक्का: तुले वाटते, मले मजा येऊन राहिली इथं बसून? गावातबी असंच म्हणतात, गोपिका लय कडक. मारोत्याले कडेवर घेऊन मी धुनं धुतलं आहे वं. माय शेतात जाये अन् थो माह्या कमरेवर. मले चालता येत नव्हतं, इतका जड होता. आता थो गेला. त्याच्यासाठी करासारखं माह्या हातात काय राहिलं, सांग बरं? रडून झालं. दवाखान्यात देवाले नवस बोलून झाले. आता एवढंच की तेरवीपर्यंत त्याच्या घरात काही चुकू नाही. म्हणून दार धरून बसली मी. दुसरं काही येतच नाही मले.

उत्तरा: आक्का, तसं नव्हतं म्हणायचं मले.

आक्का: तसंच होतं. असू दे. तुह्या घरच्या शेगडीवर केली ना थे फोडणी?

उत्तरा: हो.

आक्का: म्हणजे ह्या घरची शेगडी पेटली नाही.

जितेंद्र: नाही, अजिबात नाही.

आक्का: मंग आयका. गच्चीवर कपडे वाळून राहिले, थे काढाले मी वर जाते. माह्या मांगं तुमी कोणाच्या ताटात काय टाकता, मले काय माहीत? गुडघे दुखतात माह्ये. चढाले येळ लागते अन् उतराले त्याच्याहून जास्त लागते. समजलं का वं?

उत्तरा: समजलं, आक्का.

आक्का: अन् जितेंद्र, तू खोकू नको आता. चांगलं नाही दिसत.

जितेंद्र: गेल्या त्या. उत्तरा, ही बाई वाटते तशी नाही.

उत्तरा: नंतर बोला. ताट द्या. गोळा असा फोडायचा, त्याच्यात खड्डा करायचा, आता ओता तेल. बस, बस. मी आत नेते. तुम्ही जिन्याकडे लक्ष ठेवा.

जितेंद्र: लक्ष कशाला, त्यांनीच तर... बरं, ठेवतो.

(उत्तरा ताट घेऊन आत जाते आणि थोड्या वेळानं परत येते.)

जितेंद्र: इतक्यात आली परत? ताट तर भरलेलंच आहे.

उत्तरा: नाही म्हणते.

जितेंद्र: वास तरी घेतला का?

उत्तरा: घेतला. उठून बसली. म्हणाली, ते असते तर अजून दोन चमचे तेल घेतलं असतं. हसलीबी जराशी. मले वाटलं, झालं आपलं काम. अन् मग ताट मागे सरकवलं.

जितेंद्र: का पण?

उत्तरा: मले विचारते, आक्का जेवली का? मी म्हटलं, जेवतील त्या मंग. तर म्हणते, रोज तेच म्हणते ती. सगळ्याईले वाढते, मी मंग बसते म्हणते, अन् चूळ भरून पडून राहते. लोकं घरात आले की दारात जाऊन बसते, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. ती उपाशी आहे अन् मी कशी जेवू, म्हणते.

जितेंद्र: म्हणजे प्रश्न फोडणीचा नव्हताच.

उत्तरा: नव्हताच. लौकीचाबी नव्हता. मी किती बावळट, पाहा. सारे डबे रुख्मिणीच्या नावानं आले, पोरीच्या नावानं आले. भाऊ त्या बाईचा गेला, अन् तिच्या नावानं कोणी अर्धी पोळी नाही आणली. मी तर तिच्यापासून लपवून आणलं. लाज वाटून राहिली मले.

जितेंद्र: लाज नंतर वाटून घे. उतरून राहिल्या त्या.

आक्का: झालं का? जेवली का थे?

उत्तरा: नाही, आक्का.

आक्का: अवं, काहून? मी तर पार टाकीमांगं जाऊन उभी होती.

जितेंद्र: वहिनी म्हणतात, आक्का जेवतील तर जेवीन.

आक्का: मले कुठं भूक आहे? मी सकाळी चहा अन् टोस खाल्ला.

जितेंद्र: मघाशी म्हणाल्या, सकाळपासून चहाचा घोट नाही.

आक्का: म्हटलं का मी तसं?

जितेंद्र: म्हणालात. तुम्हालाही खोटं बोलता येत नाही, आक्का. आपण दोघं सारखेच.

आक्का: घास फिरते तोंडात. काय करू गा? ताटावर बसली की थोच दिसते. लहानपणी माह्याच ताटात जेवे.

उत्तरा: मग तिच्याजवळ बसून जेवा. तिलेबी तोच दिसत असेल ना. तुमच्या भातावर तेल नाही टाकत मी, कोरडाच घ्या.

आक्का: अन् मी कोरडा भात गिळत बसली, तर थे माह्यासमोर फोडणीचं खाईल?

जितेंद्र: नाही खाणार.

आक्का: मले माहीत आहे, नाही खाणार. अशीच आहे थे. लग्न होऊन आली तवापासून मांगं जेवाची सवय तिले.

उत्तरा: मंग काय करायचं, आक्का? तुम्ही सांगा. आता तुम्ही म्हणाल तसंच.

आक्का: मीबी काही कायमची नाही. उद्या मारोत्या वर भेटला अन् म्हणाला, आक्का, माह्या घरी काय करत होती? तर त्याले काय सांगू? सारे नियम पाळले बाप्पा, अन् तुही बायको उपाशी ठेवली? आण थो थर्मास. काही दोष लागला त्याचा, तर माह्या डोक्यावर. तिचं ताट अन् पातेलं इकडं आण, मी नेते दोन्ही. तेल घाल वं अजून, मारोत्याले दोन चमचे जास्त लागे, त्याच्या वाट्याचे थेबी घाल.

उत्तरा: घालते, आक्का. घालते ना.

आक्का: जितेंद्र, दार लोटून घे अन् खुर्चीवर बस. कोणी आलं तर सांगजो, आक्का झोपली.

जितेंद्र: मला नाही जमणार हो ते.

आक्का: मंग खोकजो.

जितेंद्र: उत्तरा, गेल्या का त्या आत?

उत्तरा: हो. पलंगावर नाही, खालीच बसल्या दोघी. हळू बोला.

जितेंद्र: आवाज कसला येऊन राहिला?

उत्तरा: भांडून राहिल्या. पातेल्याच्या बुडाची खरवड कोणी घ्यायची म्हणून. आक्का म्हणते तू घे, रुख्मिणी म्हणते तुम्ही घ्या.

जितेंद्र: आणि आता?

उत्तरा: आता रडून राहिल्या.

जितेंद्र: दोघीही? मग तू जा ना आत.

उत्तरा: नाही जात. जेवता जेवता रडून राहिल्या त्या. तुम्ही पाण्याचा तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवून या फक्त.