निल्याचं फाटक

निल्याचं कौतुक माझ्यापुढं करू नका रं. तो किल्ल्यात लपूनछपून शिरायचा गेम हाय ना, त्यात कंदील हलला तरी भिंतीवरची सावली हलते, इतका झकास बनवलाय. पण पहिल्याच फाटकावर पहारेकरी मला धरायचे. तीन आठवडे मी तिथंच अडकलेलो, निल्यासुद्धा. अन् रविवारी हा दात काढत सांगतो, "माझं फाटक झालं पार! तुझ्या बाबांनी सांगितलं."

माझ्या बाबांनी! चौक गावाला गोदामावर जन्मभर वॉचमनकी केली त्यांनी. निल्याकडं सहज चहाला गेले, टीव्हीवर गेम बघितला अन् म्हणाले, "डावीकडचा पहारेकरी जागा हाय, त्याच्या वाटेला नको जाऊ. उजवीकडचा बघ, दर फेरीला भिंतीला टेकतो. पाय भरून आले असतील. तो टेकला की सूट."

माझा नुसता जळफळाट झाला. बाप माझा अन् फाटक पार झालं निल्याचं!

घरी जाऊन विचारलंच, "बाबा, मला कधी का नाय सांगितलं?"

बाबा बशीतला चहा फुंकत होते. म्हणाले, "कधी सांगू? जिन्यावर माझी चप्पल वाजली की तू लॅपटॉप मिटून पुस्तक उघडतोस. निल्यानं मला बघितलं, सरकून जागा केली अन् म्हणाला, या काका, बसा."